बालसंधिवात: ‘पुढे काय होईल?’ याचं उत्तर नोंदींतून कसं शोधतात

गुडघा सुजलेल्या चार वर्षांच्या मुलीला संधिवात असल्याचं निदान होतं, तेव्हा आई-वडील पहिल्याच भेटीत जे विचारतात ते बहुतेक सगळं पुढच्या काळाबद्दल असतं. ही बरी होईल ना? औषध किती वर्षं घ्यायचं? शाळेत धावता-खेळता येईल का? पुढे लग्न, मूलबाळ? आणि हे महागडं इंजेक्शन आज सुरू केलं, तर वीस वर्षांनी काही भलतंच निघणार नाही ना? डॉक्टर कितीही अनुभवी असले तरी यातल्या अनेक प्रश्नांची उत्तरं एकट्याच्या अनुभवातून मिळत नाहीत. हजारो मुलांच्या, वर्षानुवर्षं चिकाटीने ठेवलेल्या नोंदी लागतात. या नोंदींच्या व्यवस्थेला पेशंट रजिस्ट्री म्हणतात. रजिस्ट्री नीट चालली तर ती काय सांगू शकते, कुठे फसवू शकते आणि आपल्याकडच्या मुलांना तिची जास्तच गरज का आहे, हे या लेखात मांडतो.

संधिवात म्हटलं की गुडघ्याला तेल चोळणारी आजी डोळ्यांसमोर येते. लहान मुलाला संधिवात होऊ शकतो हेच अनेक घरांत पटत नाही. ‘कुठेतरी पडला असेल’, ‘वाढीचं दुखणं आहे’, ‘कॅल्शियम कमी पडतंय’ असं म्हणण्यात महिने जातात. मूल सकाळी उठल्यावर तासभर लंगडतं आणि दुपारी पळायला लागतं, त्यामुळे शाळा चुकवायचं नाटक करतंय असाही संशय येतो. खरं तर सकाळी सांधे आखडणं ही या आजाराची ओळखीची खूण आहे. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरं काही कारण न सापडलेला सांध्यांचा दाह म्हणजे ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘जेआयए’ म्हणतात. आजीच्या गुडघ्यात झीज असते, इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर चालून जाते.

शिवाय हा एकच आजार नाही. जगभर वापरात असलेल्या वर्गीकरणात त्याचे सात प्रकार आहेत. एका प्रकारात मोजकेच, बहुधा मोठे सांधे सुजतात आणि बरोबरीने डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो. त्यात डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मुलाला काही कळत नाही, आणि तपासणी झाली नाही तर नजर जाऊ शकते. दुसऱ्या प्रकारात हातापायांचे अनेक सांधे एकदम धरतात. तिसऱ्यात आधी रोज चढणारा ताप आणि अंगावर पुरळ येतं, सांधे नंतर दुखू लागतात. चौथा प्रकार मोठ्या मुलांत, त्यातही मुलग्यांत अधिक दिसतो. त्यात टाच दुखते, पायाचे सांधे सुजतात आणि पुढे कंबर आखडते. औषधं वेगळी, धोके वेगळे, पुढची वाटचालही वेगळी.

आता आकड्यांचा विचार करा. ढोबळ अंदाज असा की हजार मुलांमागे साधारण एकाला हा आजार असतो. त्याचे सात प्रकार, त्यातही कुणाला लहानपणी सुरू झालेला, कुणाला बाराव्या वर्षी. कुणी एक औषध घेतं, कुणी तीन. एखाद्या मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडेही नेमक्या एका प्रकाराची, नेमकं तेच औषध घेणारी मुलं मोजकीच असतात. त्या मोजक्यांतल्या एकाला काही दुर्मीळ त्रास झाला, तर तो औषधामुळे झाला, आजारामुळे झाला की योगायोग होता, हे ठरवायला त्या डॉक्टरांकडे काहीच साधन नसतं.

मग औषध बाजारात येण्याआधी चाचण्या होतात, त्यांचं काय? त्या होतात, आणि त्या अत्यंत मोलाच्या आहेत, पण त्यांचा आकार पाहा. बालसंधिवाताचं चित्र पालटणाऱ्या औषधांत एटानरसेप्टचं नाव पहिलं येतं. दाह पेटवणारा टीएनएफ नावाचा रेणू ते अडवतं. अमेरिकेत १९९९ मध्ये मुलांसाठी त्याला परवानगी मिळाली. ज्या चाचणीच्या आधारावर ती मिळाली, तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले, आणि तिच्यात दाखल झालेली मुलं होती ६९. औषध काम करतं का, हे कळायला ६९ मुलं पुरली. कारण फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. पण हजारात एखाद्याला होणारा दुष्परिणाम ६९ मुलांत दिसणार कसा? दहा वर्षांनी होणारा परिणाम काही महिन्यांच्या चाचणीत कुठून येणार? शिवाय चाचणीत घेताना मुलं निवडून घेतात. ज्याला आधीच दुसरा मोठा आजार आहे त्याला बहुधा बाहेर ठेवतात. दवाखान्यात मात्र तेच मूल समोर बसलेलं असतं.

ही पोकळी भरायला रजिस्ट्री लागते.

रजिस्ट्री म्हणजे नक्की काय

दवाखान्याचे केसपेपर म्हणजे रजिस्ट्री नव्हे. केसपेपरवर जो आला त्याचीच नोंद होते. जो आला नाही तो कागदावरून नाहीसा होतो. शाळेतलं उदाहरण घेतलं तर केसपेपर हे हजेरीपत्रक आहे आणि रजिस्ट्री हे जनरल रजिस्टर. जनरल रजिस्टरमध्ये एकदा नाव चढलं की ते मूल कधी आलं, कधी गेलं, का गेलं हे लिहावंच लागतं. रजिस्ट्रीतही प्रत्येक मुलाचं सुरुवातीचं चित्र नोंदवतात आणि मग ठरावीक अंतराने, ठरावीक प्रश्नांनी, सगळ्या केंद्रांवर एकाच पद्धतीने त्याचा मागोवा घेतात. मूल छान असलं तरी, आणि त्याने दवाखाना बदलला तरी.

प्रश्न आधी ठरलेले असणं फार महत्त्वाचं आहे. एका डॉक्टरांनी ‘बरं वाटतंय’ लिहिलं आणि दुसऱ्यांनी ‘सुधारणा आहे’, तर दोन्हींची बेरीज करता येत नाही. म्हणून बालसंधिवातासाठी मोजमापाची हत्यारं तयार केली गेली. सर्वांत जास्त वापरात आहे तो ‘जेडास’ हा गुणांक. त्यात चार गोष्टी येतात: किती सांध्यांत आजार जागा आहे, डॉक्टरांच्या मते आजार शून्य ते दहात कुठे आहे, आई-वडिलांच्या किंवा मुलाच्या मते मूल शून्य ते दहात कुठे आहे, आणि रक्तातला ईएसआर, म्हणजे शरीरात दाह किती आहे याचा अंदाज देणारा आकडा. यातली तिसरी गोष्ट मला विशेष वाटते. घरच्यांचं मत इथे मायेने ऐकून सोडून दिलेलं नसतं, त्याला डॉक्टरांच्या मताएवढंच वजन असतं. सकाळी मुलाला बाथरूमपर्यंत उचलून न्यावं लागलं की नाही, हे आईलाच माहीत असतं, आणि ते आकड्यात उतरवायची सोय इथे आहे.

‘बरं झालं’ म्हणजे काय, याचीही व्याख्या ठरलेली आहे. औषध चालू असताना आजार सलग सहा महिने शांत राहिला तर ती औषधासह मिळालेली शांतता. औषध पूर्ण बंद करून सलग बारा महिने शांत राहिला तर औषधाविना शांतता. डॉक्टर ‘रेमिशन’ म्हणतात ते हेच. ही व्याख्या नसती तर एका देशातले ५० टक्के आणि दुसऱ्या देशातले ५० टक्के यांचा अर्थ एकच आहे की नाही, हेही कळलं नसतं.

हे काम जर्मनीने फार लवकर सुरू केलं. तिथे बालसंधिवाताच्या आणि तत्सम आजारांच्या मुलांची वार्षिक नोंद १९९७ पासून होते. २००१ मध्ये एटानरसेप्ट घेणाऱ्या मुलांसाठी ‘बायकर’ ही वेगळी रजिस्ट्री निघाली आणि पुढे तिच्यात इतर बायोलॉजिक औषधंही (एटानरसेप्टसारखी, सजीव पेशींत तयार होणारी औषधं) आली. ब्रिटनमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी असंच काम उभं केलं. अमेरिका आणि कॅनडातल्या बालसंधिवाततज्ज्ञांची ‘कारा’ ही संघटना २००२ पासून आहे, आणि तिची आजची रजिस्ट्री २०१५ मध्ये सुरू झाली. दर सहा महिन्यांनी नोंद, आणि प्रत्येक मुलाचा किमान दहा वर्षं मागोवा, असा तिचा बेत आहे. इटलीतल्या जिनोव्हा शहरातून चालणाऱ्या ‘प्रिंटो’ या आंतरराष्ट्रीय जाळ्याच्या ‘फार्माचाइल्ड’ रजिस्ट्रीत २०१८ पर्यंत ३१ देशांतल्या ८,२७४ मुलांची माहिती जमली होती. ६९ वरून ८,२७४!

कॅन्सरची भीती आणि छेदाचा प्रश्न

रजिस्ट्री का लागते, हे समजायला एक प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे.

२००९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टीएनएफ अडवणाऱ्या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकात, ठळक चौकटीत, मुलांमधल्या कॅन्सरचा इशारा छापायला लावला. ही औषधं घेतलेल्या मुलांत आणि किशोरांत कॅन्सरच्या ४८ घटना त्यांच्याकडे जमल्या होत्या. त्यातल्या सुमारे निम्म्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या होत्या. आई-वडिलांच्या मनात काय आलं असेल याची कल्पना करता येते. मुलीचा गुडघा वाचवायला गेलो आणि हे काय पदरी घेतलं?

इशारा देणं योग्यच होतं. पण ४८ या आकड्याचा अर्थ लावायला तीन गोष्टी हव्या होत्या आणि त्या तेव्हा हाताशी नव्हत्या. पहिली, छेद, म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा. किती मुलांनी किती वर्षं औषध घेतलं, त्यात ४८? दुसरी, बरोबरची औषधं. यातली बहुतेक मुलं प्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधंही घेत होती आणि अनेकांना संधिवात नसून आतड्याचा आजार होता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: बालसंधिवात असलेल्या, पण हे औषध कधीच न घेतलेल्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण किती असतं? हे माहीत नसेल तर औषधावरचा आरोप सिद्धही करता येत नाही आणि खोडताही येत नाही.

उत्तराचा मोठा भाग २०१२ मध्ये एका अमेरिकी अभ्यासातून आला. गरीब कुटुंबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या बिलांतून संशोधकांनी बालसंधिवाताची ७,८१२ मुलं शोधली आणि त्यांची तुलना दमा किंवा चंचलतेचा विकार असलेल्या मुलांशी केली. बालसंधिवाताच्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण सुमारे चौपट निघालं, आणि ते टीएनएफरोधक औषध न घेतलेल्या मुलांतही वाढलेलं होतं. म्हणजे धोक्याचा निदान काही भाग आजाराचाच आहे. चौपट हा शब्द घाबरवतो, पण मुलांत कॅन्सर मुळात इतका दुर्मीळ आहे की त्याची चौपटही फार थोडी भरते.

प्रश्न इथे मिटला असं मात्र नाही. ज्या मुलांनी औषध घेतलं होतं त्यांच्या सगळ्यांच्या वर्षांची बेरीज तीन हजारांच्या आतच होती, आणि बिलांत सांध्यांची स्थिती लिहिलेली नसते. आजार किती तीव्र होता, ईएसआर किती होता, डॉक्टरांनी तेच औषध का निवडलं, हे बिल सांगत नाही. म्हणून हजारो मुलांना दहा-वीस वर्षं धरून ठेवणाऱ्या रजिस्ट्र्या आजही मुलं नोंदवत आहेत. कुणाला हे काम संथ वाटेल. पण वीस वर्षांनंतर होणारा परिणाम मोजायला वीस वर्षं लागतातच.

आई-वडिलांच्या प्रश्नांना मिळालेली काही उत्तरं

‘ही बरी होईल ना?’ याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर कॅनडातून मिळालं. २००५ ते २०१० या काळात तिथल्या १६ केंद्रांनी नव्याने निदान झालेली मुलं नोंदवली. त्यातल्या १,१०४ मुलांचा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास सगळ्या प्रकारांत दोन वर्षांच्या आत आजार एकदा तरी शांत होण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक होती. रक्तात ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (स्वतःच्याच शरीराविरुद्धचं एक प्रतिद्रव्य) असलेल्या, अनेक सांधे धरणाऱ्या प्रकारात ती ४८ टक्के होती. पुढचा प्रश्न, औषध सोडून शांत राहण्याचा. पाच वर्षांत तिथपर्यंत पोहोचण्याची शक्यता बहुतेक प्रकारांत ४६ ते ५७ टक्के. पण अनेक सांध्यांच्या आजारात फॅक्टर नसेल तर १४ टक्के आणि फॅक्टर असेल तर शून्य.

हे आकडे वाचून कुणाला वाईट वाटेल. मला ते उपयोगाचे वाटतात. ज्या मुलाच्या प्रकारात पाच वर्षांत औषध सुटण्याची शक्यता जवळजवळ नाही, त्याच्या घरच्यांना ‘सहा महिन्यांत बंद करू’ असं आश्वासन मिळू नये. तसं आश्वासन मिळालं की सातव्या महिन्यात घरचे निराश होतात, औषध आपणहून बंद करतात, आणि तेवढ्या काळात सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. आणि ज्या प्रकारात निम्मी मुलं औषधाविना शांत राहतात, तिथे ‘आता हे जन्मभराचं’ हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निष्कर्षही खोटा ठरतो.

उत्तर युरोपातल्या डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या चार देशांनी १९९७ ते २००० या काळात आजार सुरू झालेली मुलं अशीच धरून ठेवली. आठ वर्षांनी पाहिलं तेव्हा सुमारे ४२ टक्के औषधाविना शांत होती आणि जवळजवळ निम्मी अजून शांततेच्या व्याख्येत बसत नव्हती. त्यांचा अभ्यास पुढे अठरा वर्षांपर्यंत गेला. ही मुलं मोठ्या रुग्णालयांनी वेचून घेतलेली नव्हती, ठरावीक भूभागातली शक्य तितकी सगळी होती. या मुद्द्याकडे पुढे येऊ.

औषध कधी सुरू करावं, हाही रजिस्ट्रीचा विषय होऊ शकतो. ‘कारा’च्या डॉक्टरांनी अनेक सांध्यांच्या आजारासाठी तीन वाटा एकमताने लिहून काढल्या. एक, आधी मेथोट्रेक्सेटसारखं जुनं औषध, तीन महिन्यांनी गरज वाटली तर बायोलॉजिकची जोड. दोन, दोन्ही सुरुवातीपासूनच. तीन, थेट फक्त बायोलॉजिक. कोणती वाट घ्यायची ते डॉक्टर आणि कुटुंब ठरवणार, रजिस्ट्री फक्त परिणाम नोंदवणार. ४०० मुलांच्या या अभ्यासाचं वर्षभराचं फळ गुंतागुंतीचं निघालं. मुख्य कसोटीवर, म्हणजे स्टिरॉइडशिवाय आजार पूर्ण शांत, तिन्ही वाटांत निश्चित म्हणावा असा फरक दिसला नाही. जेडासच्या कसोटीवर मात्र दोन्ही औषधं लवकर जोडणाऱ्या गटातली अधिक मुलं आजार-शांत ठरली. इथे घाई करून ‘सगळ्यांना पहिल्या दिवसापासून इंजेक्शन’ असा अर्थ काढणं चूक ठरेल, आणि ‘काहीच फरक नाही’ असा काढणंही.

नोंदी कुठे फसवतात

वरच्या अभ्यासातच मोठी मेख आहे. कोणत्या मुलाला कोणती वाट, हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. ज्याचा आजार जास्त पेटलेला, त्याला डॉक्टर साहजिकच जोरकस औषध देतात. वर्षाने त्या मुलांची स्थिती थोडी वाईट निघाली तर दोष औषधाचा की मुळातच आजार भारी होता? संख्याशास्त्रज्ञ सुरुवातीची तीव्रता, वय, प्रकार हे सगळं हिशेबात धरून तुलना समान पातळीवर आणायचा प्रयत्न करतात. पण नोंदवलंच नाही ते हिशेबात धरता येत नाही. कुटुंबाला इंजेक्शन परवडतं का, घरी फ्रिज आहे का, हे कुणी लिहिलं नसेल तर त्याचा परिणाम औषधाच्या खात्यावर जमा होतो.

दुसरी फसवणूक गळतीची. बरी झालेली मुलं दवाखान्यात येणं थांबवतात. खूप त्रास असलेली मुलं दुसरीकडे जातात, कधी जडीबुटीकडे, कधी दुसऱ्या शहरात. नोंदीत उरतात ती फक्त मधली मुलं. फक्त उरलेल्यांवर निष्कर्ष काढला तर आजार आहे त्याहून सोपाही दिसू शकतो आणि कठीणही, आणि नेमकं काय झालंय ते कळत नाही. म्हणून चांगल्या रजिस्ट्रीत फोन करून शोध घेणारी माणसं असतात. रजिस्ट्रीच्या खर्चाचा आणि कष्टाचा मोठा भाग या न आलेल्यांना शोधण्यात जातो. मला विचाराल तर रजिस्ट्रीची प्रत तिथेच कळते. एकूण किती मुलं नोंदवली हा आकडा सगळे सांगतात, पाच वर्षांनी त्यातल्या किती मुलांचा ठावठिकाणा आहे हा आकडा विचारावा लागतो.

तिसरी गोष्ट, सुरुवात कुठून. मोठ्या रुग्णालयात पोहोचतात ती बहुधा अवघड मुलं. एका गुडघ्याच्या सुजेवर गावातल्या बालरोगतज्ज्ञाकडेच भागलेलं मूल तिथे दिसतच नाही. म्हणून उत्तर युरोपासारख्या, एका भूभागातली सगळी मुलं निदानापासून घेणाऱ्या अभ्यासांचे आकडे अधिक विश्वासाचे.

आणि पैसा. नवं औषध आलं की नियामक संस्था कंपन्यांना पुढची सुरक्षितता तपासायला सांगतात, त्यामुळे अनेक रजिस्ट्र्यांत कंपन्यांचा पैसा असतो. एवढ्याने नोंदी खोट्या ठरत नाहीत. पण माहितीवर ताबा कुणाचा आणि प्रसिद्ध काय करायचं हे ठरवणार कोण, हे उघड लिहिलेलं असायला हवं.

सर्वांत अवघड वळण अठराव्या वर्षी येतं. बालरोगतज्ज्ञांकडून मूल मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जातं, कॉलेजसाठी शहर बदलतं, आईने सांभाळलेली फाइल घरी राहते. नेमक्या याच वयात नोंद तुटते, आणि आपल्याला हव्या असलेल्या उत्तरांतली बरीचशी, मूल होण्याबद्दलची, नोकरीबद्दलची, कॅन्सरबद्दलची, याच वयानंतरची आहेत. जर्मनीने २००७ मध्ये ‘जुंबो’ नावाची दुसरी रजिस्ट्री काढली ती यासाठीच. ‘बायकर’मधून मोठी झालेली मुलं तिच्यात जातात आणि नोंद पुढे चालू राहते.

परदेशातले आकडे आपल्या मुलांना का पुरत नाहीत

आजाराचा चेहराच जागेप्रमाणे बदलतो. ४९ देशांतल्या ९,०८१ मुलांची एकदाच पाहणी करणारा ‘एपोका’ अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण युरोपात निम्म्याहून अधिक मुलांना मोजक्या सांध्यांचा प्रकार होता. आग्नेय आशिया या गटात ताप-पुरळाचा प्रकार एक तृतीयांश मुलांत होता. डोळ्यांचा दाह उत्तर आणि दक्षिण युरोपात १८-१९ टक्क्यांच्या आसपास, तर आग्नेय आशियात त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणखी एक गोष्ट त्यात स्पष्ट दिसली: गरीब देशांतल्या मुलांत आजार अधिक पेटलेला होता आणि सांध्यांची हानीही अधिक. आग्नेय आशियाच्या गटात एकूण मुलं होती फक्त २७९.

आपल्याकडचं चित्र पुण्यातूनच पुढे आलं आहे. तिथल्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीझेसने २०१० मध्ये आपल्या २३५ रुग्णांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात टाच आणि पायाचे सांधे धरणारा, मुलग्यांत दिसणारा प्रकार सर्वांत मोठा होता, एक तृतीयांशाहून अधिक. देशातल्या इतर मोठ्या केंद्रांचा अनुभवही याच दिशेचा आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत पहिल्या पानावर असते ती एक गुडघा सुजलेली छोटी मुलगी. आपल्या बाह्यरुग्ण विभागात मात्र टाच दुखते म्हणून आलेला तेरा वर्षांचा मुलगा अधिक दिसणार, आणि त्याला ‘बूट बदल’ असं सांगून परत पाठवलं जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा फरक क्षयरोगाचा. टीएनएफ हा रेणू क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायच्या कामात असतो. तो अडवला की सुप्त क्षय जागा होऊ शकतो. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. क्षय जवळपास नाहीसा झालेल्या देशांतल्या रजिस्ट्र्या याबद्दल फारसं सांगू शकणार नाहीत. आपल्या मुलांत हा धोका किती, तपासणीने किती टळतो, औषध किती काळ घेतल्यावर वाढतो, हे आपल्याच नोंदींतून कळेल.

तिसरा फरक औषधांचा. भारतात बायोलॉजिक औषधांच्या देशी आवृत्त्या आहेत. अडालिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरमध्ये भारतातच बाजारात आली. दाह कमी करणाऱ्या टोफासिटिनिब या नव्या औषधाच्या गोळ्या इथे स्वस्तात मिळतात. पैशापायी इंजेक्शनातलं अंतर वाढवलं जातं, मध्येच बंद पडतं, मग पुन्हा सुरू होतं. परदेशी रजिस्ट्रीत असा वापर क्वचितच सापडेल. अंतर वाढवूनही काही मुलांचं भागत असेल, तर तेही कळणं गरजेचं आहे, कारण ते हजारो घरांच्या पैशाचं आहे.

अशी कामं आपल्याला जमत नाहीत असं म्हणायला महाराष्ट्रात तरी जागा नाही. देशातली पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणं समजावली. पुढे दिसलं की गर्भाशयमुखाचा कॅन्सर तिथे आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात लक्षात येऊ लागला होता. संधिवाताबाबत पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, ती मोठ्या माणसांची. त्याच तोडीचं, निदानापासून तिशीपर्यंत चालणारं काम मुलांसाठी हवं आहे.

तुम्हाला नाव नोंदवायला सांगितलं तर

रजिस्ट्रीत जाण्याने उपचार बदलत नाहीत. कोणतं औषध द्यायचं ते तुमचे डॉक्टर आणि तुम्हीच ठरवता. नाही म्हटलं तरी उपचार तसेच मिळायला हवेत, आणि मध्येच बाहेर पडायचीही मुभा असते. संमती आई-वडील देतात. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्याहून मोठ्याचा लेखी होकारही घ्यावा लागतो. मुलाला त्याच्या भाषेत समजावून विचारलं नसेल तर तुम्ही तसं सांगू शकता. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे.

सही करण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. मुलाचं नाव आणि पत्ता वैद्यकीय माहितीपासून वेगळा ठेवतात का? माहिती देशाबाहेर जाते का? रक्ताचा नमुना घेणार असतील तर तो किती वर्षं ठेवणार आणि त्यावर पुढे काय करणार? पैसा कुणाचा आहे? निष्कर्ष निघाले की आम्हाला कळवणार का? मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याला पुन्हा विचारणार का? नीट चाललेल्या रजिस्ट्रीकडे या सगळ्यांची उत्तरं तयार असतात, आणि कुणी हे विचारलं तर तिथल्या लोकांना राग येत नाही.

तुमच्या शहरात रजिस्ट्री नसेल तरी वही ठेवता येते. त्यात निदानाची तारीख आणि प्रकाराचं नाव लिहा. कोणतं औषध, किती, कधीपासून कधीपर्यंत, आणि बंद का केलं तेही. हे ‘का’ लिहायचं हमखास राहतं: त्रास झाला म्हणून, गुण आला नाही म्हणून, की पैसे नव्हते म्हणून. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, त्याचा वार मोठ्या अक्षरांत लिहा. डोळ्यांची तपासणी स्लिट लॅम्पवर (डोळ्याच्या आतला दाह दाखवणाऱ्या नेत्रतज्ज्ञांच्या यंत्रावर) कधी झाली आणि पुढची कधी, तेही. सकाळी सांधे किती वेळ आखडले, शाळेचे किती दिवस बुडाले, दर महिन्याला एक ओळ पुरते. क्षयाच्या तपासणीचा आणि लसींचा कागद त्याच वहीत चिकटवा. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की लिहायचं काम त्याच्याकडे द्या, म्हणजे मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना आपला आजार त्याला स्वतःला सांगता येईल.